‘कुठे’ न विचारता

माझी बायको लोकांना नको तो प्रश्न विचारण्याचा पगार घेते. हे मी लग्नापासून सगळ्यांना सांगत आलोय. दर वेळी ती डोळे वटारते, त्यामुळे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. शहरातली माणसं घरातून निघून कुठे जातात, कशाने जातात, कशासाठी जातात, वाटेत किती वेळ घालवतात, हे सगळं विचारून गोळा करायचं, त्याचे तक्ते मांडायचे आणि मग कुठल्या रस्त्याने कुठली गाडी फिरवावी, थांबा या कोपऱ्यावर असावा की त्या, हे ठरवायला मदत करायची, असं त्रिवेणीचं काम. हिमायतनगरला एका सल्लागार कंपनीत ती हे करते. मी सुलतान बाजारात ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान चालवतो. दोघांच्या कामात साम्य एवढंच, की दिवसभर अनोळखी माणसांशी गोड बोलावं लागतं. ती ते घरीही बोलते. माझं घरी येईपर्यंत संपलेलं असतं.

आता तो प्रश्न नको तो का, हे सांगायला हवं. आम्ही मूळचे भालकीकडचे शेतकरी. माझे वडील निजामाच्या जुन्या मुलखात शिकून हैदराबादला आले, कृषी खात्यात लागले आणि नल्लकुंट्यात घर केलं. शेती सुटली, पण काही गोष्टी सुटल्या नाहीत. त्यातली एक म्हणजे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे चाललात’ असं विचारायचं नाही. विचारलं की त्याचं काम बिघडलंच म्हणून समजा. मग तो माणूस कपाळाला आठ्या घालून परत घरात येतो, खुर्चीवर टेकतो, घोटभर पाणी पितो आणि विचारणाऱ्याकडे रागाने बघत पुन्हा निघतो. अगदीच राहवलं नाही तर ‘लांब का?’ म्हणावं. त्यालाही उत्तर मिळतं ते ‘जवळच’ एवढंच, मग माणूस भले दिल्लीला निघालेला असो. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांकडेही हेच चालतं. आमच्या गल्लीत पाण्यावरून भांडणं झाली, गाड्या लावण्यावरून झाली, पण या एका बाबतीत सगळ्यांचं मत एक आहे.

तर अशा घरात ही सून आली. तिला बघायला आम्ही बरकतपुऱ्याला तिच्या घरी गेलो तेव्हाची गोष्ट. तिचे वडील शाळामास्तर, घर साधंच. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि तिला विचारलं, “पोरी, तू करतीस काय?”

“बसथांब्यावर उभी राहून लोक कुठे जातात ते विचारते,” ती म्हणाली.

आप्पांनी मान वर केली. “निघालेल्या माणसाला?”

“हो.”

“अन् ते सांगतेत?”

“तरुण पोरं सांगतात. म्हातारी माणसं शिव्या देतात.”

माझ्या आईने, सत्यवतीबाईंनी, पदर तोंडाला लावला. आप्पा मात्र खो खो हसले. माझे वडील हसतात हे मला त्या दिवशी कळलं. “मी बी दिल्या असत्या,” ते म्हणाले आणि पोह्यांची बशी पुन्हा उचलली. लग्न ठरलं ते तिथेच. माझं मत परत येताना रिक्षात विचारण्यात आलं.

खरं तर त्रिवेणीने तोवर शिव्या खाणं थांबवलेलं होतं. कामाला लागली तेव्हा सुरुवातीलाच नारायणगुड्याच्या थांब्यावर तिने एका बाईंना विचारलं, “आजी, कुठे चाललात?” आजींची बस समोर उभी होती. त्यांनी गाडीकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि छत्री काखेत मारून सरळ घराकडे चालू लागल्या. ही त्यांच्यामागे पळाली. तेव्हा कळलं की डॉक्टरांना डोळे दाखवायची त्यांची वेळ कित्येक आठवड्यांनी मिळालेली होती. “आता आज डोळा बरा व्हायचा न्हाई,” आजी म्हणाल्या आणि गेल्या. त्रिवेणी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने चढणाऱ्यांना विचारायचं सोडलं आणि उतरणाऱ्यांना विचारायला लागली, “कुठून आलात?” आलेल्या माणसाला कुठून आला हे सांगायला काही अडचण नसते, उलट त्याला सांगायचंच असतं. उन्हाचं, गर्दीचं, सुनेचं, सगळं तो सांगतो. कुठून निघाला आणि कुठे पोचला, एवढं कळलं की तक्त्याला पुरे. ही तिची पद्धत.

या कामाने तिला एक खोडही लावलीय. कुठल्याही कार्यालयात लग्नाला गेलो की ही अक्षता टाकायच्या आधी दारात उभी. कोण कशाने आलं ते बघत असते. एकदा माझ्या आत्तेबहिणीला सगळ्यांदेखत म्हणाली, “तुम्ही बसने आलात म्हणजे भाऊजी गाडी घेऊन दुसरीकडे गेलेत वाटतं.” भाऊजी घरी आजारी आहेत असं बहिणीने नुकतंच सगळ्यांना सांगितलं होतं. ते आजारी नव्हते, वरपक्षावर रुसलेले होते आणि मित्रांबरोबर श्रीशैलमला गेले होते. पुढचे काही महिने त्या घरी आमचं जाणं-येणं बंद होतं. मी खूप ओरडलो. ती म्हणाली, “मी काय वाईट बोलले? बसची सोय चांगली आहे, एवढंच मला बघायचं होतं.” आणि ती खरंच तेवढंच बघत होती. माझ्या बायकोच्या मनात खोट नाही, तिच्या मनात बसमार्ग आहेत.

आता आप्पांचं आणि माझं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी परीक्षा देऊन सरकारी कचेरीत कारकून झालो तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. वर्षाच्या आत मी ती नोकरी सोडून दुकान टाकलं. आप्पा एवढंच म्हणाले, “बायकांच्या झंपरांची कापडं फाडायला शिकवलं व्हय तुला? त्या दुकानाची पायरी मी चढणार नाही.” पूजेला आई आली, अर्धा बाजार आला, आप्पा आले नाहीत. त्यानंतरही कधी आले नाहीत. एकाच घरात राहतो, एकाच पंगतीत जेवायला बसतो, दवाखाना, मुलीचं पुण्यातलं कॉलेज, पाण्याचा टँकर, सगळं बोलतो. दुकान हा शब्द मात्र घरात निघत नाही. दिवाळीच्या गर्दीत माझा घसा बसलेला असतो आणि आप्पा विचारतात, “थंडी बाधली का?” मी म्हणतो, “हो.” आमचं असंच चाललेलं होतं. आई होती तोवर ती मधल्यामध्ये निरोप पोचवायची. ती गेल्यावर ते काम त्रिवेणीवर आलं.

आई गेल्यानंतर आप्पा दुपारी बाहेर जायला लागले. जेवण झालं की थोडं लवंडायचे, मग इस्त्रीचा सदरा घालून, छत्री घेऊन निघायचे आणि दिवे लागायच्या आत परत यायचे. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो आणि म्हटलं, “लांब का, आप्पा?” तर म्हणायचे, “जवळच.” झालं. मी समजून चाललो की देवळात जात असतील, नाहीतर मराठी ग्रंथालयात पेपर वाचत बसत असतील. आमच्या घरासमोरून एक लहान बस जायची. नल्लकुंट्याहून निघून बरकतपुरा, नारायणगुडा करत सुलतान बाजारापर्यंत. मोठ्या रस्त्यावरच्या बस वेगळ्या, ही गल्लीबोळातून फिरणारी. ज्येष्ठांना तिचा पास होता. त्या बसमध्ये आप्पा बसतात एवढं मला माहीत होतं.

आप्पांनी ऑटो कधीच केला नाही. कारण उघड आहे. ऑटोवाल्याला हात करा, त्याचा पहिला शब्द “किधर?” आणि मोबाइलवरून बोलवावा, तर गाडी यायच्या आधीच तो मोबाइल विचारतो, कुठे जायचंय. माझे वडील मोबाइलवर एकदा याच कारणाने चिडलेले मी पाहिलेत. बसमध्ये पास दाखवायचा आणि खिडकीशी बसायचं. कोणी काही विचारत नाही.

गेल्या वर्षी या लहान गाड्यांच्या फेऱ्या नव्याने ठरवायचं काम त्रिवेणीच्या कंपनीकडे आलं आणि त्याची प्रमुख म्हणून तिला नेमलं. तिच्या हाती पहिल्यांदाच एवढं मोठं काम. मी दुकानात मिठाई वाटली, पण कशाची ते गिऱ्हाइकांना समजावताना माझी दमछाक झाली. “बसचा रस्ता ठरवते म्हणजे ड्रायव्हर का?” एक बाई म्हणाली. मी म्हणालो, “जवळपास.”

प्रश्नांचा फॉर्म बाहेरून तयार आलेला, सगळ्या शहरांना एकच. पहिलाच प्रश्न, ‘तुम्ही आता कुठे जात आहात?’ कॉलेजची पोरं-पोरी टॅब घेऊन थांब्याथांब्यावर उभी राहिली. त्रिवेणीला तेव्हा निविदा, नकाशे, बैठका यांतून मान वर करायला वेळ नव्हता. तिने फॉर्म मंजूर केला आणि सही केली. पाहणी झाली, तक्ते आले. सकाळी आणि संध्याकाळी माणसं कुठून कुठे जातात, ते स्वच्छ दिसत होतं. दुपारी मात्र काहीच दिसेना. गाडीत तुरळक माणसं असायची, पण त्यांना कुठे जायचं असतं याची उत्तरंच नव्हती. कंपनीच्या साहेबांनी निष्कर्ष काढला की दुपारी बसणाऱ्यांना ठरावीक असं जायचं कुठे नसतं. वेळ घालवायला बसत असतील. मग दुपारच्या फेऱ्या प्रायोगिक तत्त्वावर बंद करून त्या गाड्या संध्याकाळी वाढवाव्यात, असं ठरलं.

“मला हे पटत नाही,” त्रिवेणी त्या दिवशी भाजी चिरताना म्हणाली. “दुपारी माणसं जातात.”

“मग साहेबांना सांग.”

“सांगितलं. ते म्हणतात, आकडा दाखवा.”

“मग दाखव आकडा.”

तिने मनगटाने डोळे पुसले. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, कांदा झोंबला.

फेऱ्या बंद झाल्या. आप्पा पहिल्या दिवशी सदरा घालून, छत्री घेऊन थांब्यावर जाऊन उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने परत आले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि तो रस्ता ओलांडायला आता मलाही भीती वाटते. मग ते घरीच बसायला लागले. आधी एक भाकरी कमी झाली. मग दाढी दिवसाआड झाली. शेजारचे आबासाहेब गप्पा मारायला यायचे, त्यांनाही हां-हूं करून वाटेला लावायला लागले. इस्त्रीचे सदरे कपाटात तसेच टांगलेले. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे, मन रमवा. मन रमवायला मी त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला. त्यांनी तो एकदा लावला आणि आवाज मोठा आहे म्हणून बंद केला. मी हादरलो. माझा बाप डोळ्यांसमोर विझत चालला होता आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं.

“आप्पा दुपारी कुठे जायचे, तुला माहीत आहे?” मी त्रिवेणीला विचारलं.

“आहे,” ती म्हणाली.

“कुठे?”

“ते मी सांगू शकत नाही.”

मी एवढा तापलो की त्या दिवशी तिच्याशी न बोलता दुकानात निघून गेलो. शहरातल्या तमाम लोकांच्या जाण्यायेण्याचे तक्ते मांडणारी बाई, आणि माझ्या घरातल्या माणसाचं मला सांगणार नाही!

पण ती स्वस्थ बसलेली नव्हती. ऑफिसात बसून तिने दुपारचे सगळे मूळ फॉर्म एकेक करून उघडले. ते कोरे नव्हते. प्रत्येक फॉर्मवर ‘उत्तर दिले नाही’ अशी नोंद होती आणि हिशेब करताना अशा नोंदी बाजूला काढून टाकलेल्या होत्या. काही पोरांनी शेरेही लिहिले होते. ‘चिडले.’ ‘परत गेले.’ ‘पाणी मागितले.’ पाणी मागितले हे वाचून तिने कपाळावर हात मारून घेतला. सकाळी नोकरीवाले आणि कॉलेजवाले जातात, ते कुठे म्हटलं की पटकन सांगतात. दुपारी जाते ती आमच्या आप्पांच्या वयाची माणसं आणि घरची कामं उरकून निघालेल्या बायका. त्यांना नेमका तोच प्रश्न विचारला होता. स्वतः इतकी वर्षं जो प्रश्न टाळला, तोच तिच्या सहीने अख्ख्या शहराला विचारला गेला होता.

त्याच आठवड्यात माझ्या दुकानासमोरचा इराणी हॉटेलवाला गौसभाई सुटे मागायला आला. सुटे घेतले आणि पायरीवरच थबकला.

“प्रशांतभाई, एक बात पूछना था. वालिद साब नै आरे आजकल. तबीयत तो अच्छी है ना?”

“किसके वालिद?”

“तुम्हारेच, और किसके? रोज दोपहर कू आते थे. वो खिडकीवाली मेज पे बैठते. एक चाय, उस्मानिया बिस्कुट. मैं एक बार बोला, बडे मियाँ, लडके की दुकान है, अंदर जाके बैठो ना. बोले, नक्को, यहीं से दिखता.”

“क्या दिखता?”

गौसभाईने माझ्याकडे असं पाहिलं की याला एवढंही कळत नाही का. “तुम दिखते, और क्या. औरतों कू कपडे का रंग दिखाने तुम धूप में बाहर आते ना, तब देखते बैठते. तुम अंदर गए तो पेपर पढते.”

माझ्या धंद्यात रंग ट्यूबलाइटखाली जुळवता येत नाही. गिऱ्हाईक साडी आणतं, मी कापड घेऊन पायरीवर येतो, उन्हात दोन्ही शेजारी धरतो. दुपारभरात असं कितीदा तरी होतं. तेवढ्यासाठी माझे वडील बसने यायचे. पायरी चढणार नाही म्हणाले होते, ती त्यांनी चढली नाही. मागच्या बाजूला कापडाच्या ठाणांच्या आड जाऊन मी रडलो. भाग्यलक्ष्मी नावाची आमची सेल्सगर्ल आहे, तिने गिऱ्हाइकांना सांगितलं की सेठ स्टॉक मोजतायत.

घरी आलो आणि त्रिवेणीला म्हणालो, “तुला सगळं माहीत होतं.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजली. मग तिने सांगितलं. बऱ्याच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका पाहणीसाठी ती सुलतान बाजाराच्या थांब्यावर उभी असताना गाडीतून आप्पा उतरले. दोघंही दचकले. हिच्या हातात फॉर्म. हिने इतरांना विचारते तसंच विचारलं, “कुठून आलात?” आप्पा म्हणाले, “नल्लकुंट्याहून.” पुढचा प्रश्न होता, कशासाठी. आप्पांनी तेही सांगितलं. मग म्हणाले, “घरी बोलायचं नाही, पोरी.” ती म्हणाली, “कुणाचंच बोलत नाही, आप्पा.”

“पण मी तुझा नवरा आहे!”

“आणि ते माझ्या फॉर्मवरचे गृहस्थ आहेत,” ती म्हणाली. “प्रत्येकाला मी सांगते, तुमचं सांगितलेलं कुणाला कळणार नाही. मग आप्पांना दिलेला शब्द घरचा म्हणून मोडू?”

मी म्हणालो, ठीक आहे, उद्यापासून मीच त्यांना स्कूटरवर नेतो, गल्ल्यावर बसवतो, चहा तिथेच मागवतो. ती म्हणाली, “अहो, असं काही करू नका. त्यांना दुकानात यायचंच नाहीये. तुम्हाला कळलंय हे त्यांना समजलं तर ते बस चालू झाली तरी जायचे नाहीत.” आणि ते खरं होतं. माझ्या बापाला मी ओळखतो. उपाय एकच होता, ती गाडी परत चालू होणं.

त्रिवेणी दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे गेली. फॉर्म दाखवले, शेरे दाखवले आणि म्हणाली, “चूक माझी आहे. सही माझी आहे.” हे मला पुढे तिची सहकारी नीलिमा हिने सांगितलं, ती तिथे होती. साहेब म्हणाले, काम ज्यांनी दिलंय त्यांना आता आपण तोंड कसं दाखवायचं? पाहणी चुकली म्हणायचं? त्रिवेणी म्हणाली, “हो, म्हणायचं.” मग तिने आणखी एक सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. “त्या दुपारच्या गाडीत माझ्या घरचं एक माणूस बसतं. म्हणून नवी पाहणी मी करणार नाही. दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.”

नवी पाहणी नीलिमाकडे गेली. पाहणीबरोबर प्रमुखपदही गेलं. माझ्या बायकोला कुठल्याशा गाड्या लावण्याच्या जागांच्या पाहणीवर टाकलं. मला इतका संताप आला की म्हणालो, “राजीनामा दे.” ती म्हणाली, “कशाला? गाड्या लावायलाही माणसांना जागा लागतेच की.” पण त्या दिवशी तिने वरणात दोनदा मीठ घातलं. आम्ही तिघांनी ते निमूटपणे खाल्लं.

नीलिमाची माणसं नल्लकुंट्यात देवळाच्या कट्ट्यावर, औषधांच्या दुकानांसमोर, घरांच्या ओट्यांवर जाऊन बसली. प्रश्न त्रिवेणीने सुचवला तो: “दुपारी कुठून घरी यायचात?” माणसं बोलायला लागली ती थांबेनात. कोणी नातवाला शाळेतून घेऊन यायचं. कोणी आजारी बहिणीला डबा देऊन यायचं. एक बाई भजनाहून यायच्या, एक गृहस्थ रोज बँकेतून. रोज काय काम? तर म्हणाले, काम नाही, एसी आहे. दुपारची गाडी ही वेळ घालवायची जागा नव्हती, ज्यांना ऑटोवाल्याला ठिकाण सांगायचं नव्हतं किंवा ऑटो परवडत नव्हता अशा कित्येकांचा अख्खा दिवस तिच्यावर उभा होता. नीलिमाची माणसं आमच्याही घरी आली होती. आप्पांनी त्यांना चहा पाजला. काय सांगितलं ते त्यांना आणि आप्पांना माहीत. दुपारच्या फेऱ्या पुन्हा सुरू करायचं ठरलं.

“दुपारची गाडी परत चालू झाली म्हणे,” त्रिवेणी ताटात भात वाढत सहज म्हणाली.

“हं,” आप्पा म्हणाले आणि आमटी ओतून घेतली. मी मान खाली घालून जेवत राहिलो. हसू आवरताना मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात होतो. गौसभाईच्या हॉटेलात खिडकीशी एक पांढरा सदरा येऊन बसला. मी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं संपलं असतं. पण लक्ष माझं कापडात नव्हतं. जांभळ्या साडीला मी चिंतामणी रंगाचं अस्तर फाडून दिलं आणि गिऱ्हाईक भडकलं.

माझा गल्ला मागे, ठाणांच्या भिंतीशी होता. दुकान टाकल्यापासून तिथेच. त्याच संध्याकाळी मी पोरांना सांगून तो उचलला आणि पायरीला लागून अगदी पुढे आणून ठेवला. पोरं म्हणाली, सेठ, रस्त्याची धूळ येईल. भाग्यलक्ष्मी म्हणाली, सेठ, तुम्ही इथे बसलात की गिऱ्हाइकांना वाटच उरत नाही. सगळं बरोबर होतं. मी म्हणालो, “राहू द्या.” तेव्हापासून मी उन्हात बसतो. गिऱ्हाईक नसलं तरी बसतो, कापडाच्या घड्या घालतो, पुन्हा मोडतो, पुन्हा घालतो. समोर पेपर आता फारसा उघडत नाही, असं गौसभाई म्हणतो.

परवा सकाळी न्याहारीला आम्ही तिघं बसलो होतो. आप्पांनी दुसरी भाकरी मागून घेतली होती. त्रिवेणी चहा गाळत होती. आप्पा ताटाकडे बघतच म्हणाले, “दुपारच्याला तुझ्या दुकानाच्या पायरीवर लई ऊन येतं. ताडपत्री बांधून घे.”

त्रिवेणीने चहा कपाबाहेर गाळला. आमच्या घरात तो शब्द इतक्या वर्षांनी निघाला होता.

“बांधतो, आप्पा,” मी म्हणालो.

“लई खाली बांधू नको मातर,” आप्पा म्हणाले. “समोरून दिसत नाही मंग.”

“उंच बांधतो,” मी म्हणालो.